शेजारणीचं बोट

पहाटे उठायचा आता कंटाळा येतो. खोटं कशाला बोलू? पाय जमिनीला टेकले की आधी टाचा ओरडतात, मग कंबर, आणि त्या दोघींच्या वरताण गोठ्यातून रुश्का हंबरते. दूध काढा, रात्री टांगलेलं फडकं सोडा, डबे भरा, बस धरा, झाग्रेबला उतरा आणि दुपारपर्यंत दोलात्सच्या बाजारात, खालच्या दालनात, टेबलामागे उभ्या राहा. वर हसा. हसणं तर सगळ्यात जास्त जिवावर येतं.

मी चक्का आणि साय विकते. आई विकायची, सासू विकायची, म्हणून मीही विकते. दूध आंबू द्यायचं, वरची दाट साय उतरवायची, खालचं दही मंद तापवून फडक्यात टांगायचं. सकाळी पांढरा गोळा तयार. परदेशी लोक येतात, काठीला लावलेला फोन माझ्या तोंडासमोर धरतात, आणि चाललेत आपले पुढं. डोक्याचा रुमाल सारखा करावा म्हटलं तर तेवढाही वेळ देत नाहीत मेले.

शहरातली माणसं आम्हा बाजारातल्या बायकांना 'कुमा' म्हणतात. बाप्तिस्म्याला जी मूल हातात धरते ती कुमा, घरातल्यासारखीच. आम्ही कुणाचं मूल धरलेलं नसतं, पण नातं तसंच मानायचं. प्रत्येकाची कुमा ठरलेली असते. एकदा एकीचा चक्का घ्यायला लागलं की दुसरीकडे बघायचं नाही. आणि चक्का नाहीच आवडला, तर तसं तोंडावर सांगायचं नाही. 'कुमा, तुझा माल बिघडलाय' असं कुणी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही. गिऱ्हाईक मुकाट्यानं अंडीवाल्यांच्या मागून वळसा घालतं आणि पलीकडच्या रांगेत जातं. आपण आपलं वाट बघत बसायचं.

या हिवाळ्यात मला ताप आला. ताप गेला, आणि जाताना माझं नाक आणि जीभ घेऊन गेला. वास नाही, चव नाही. सूप काय आणि भांडी विसळलेलं पाणी काय, मला सारखंच. डॉक्टर म्हणाला, "येईल हळूहळू." कशाचं येतंय!

दूध किती आंबलं ते मी कधी घड्याळात बघितलं नाही, वासावरच ओळखत आले. मीठ बोटाच्या टोकावर ठरवायचं. आता सगळा अंदाज. कुणाला सांगायचीही सोय नाही. यागित्साला वास येत नाही एवढं बाजारात कळलं, की माझा चक्का घेणार कोण? आणि चक्का नाही विकला तर मी करू काय? मुलगा आयर्लंडला. तो फोनवर म्हणतो, "आई, गाय विकून टाक आणि स्वस्थ बस." स्वस्थ बसून काय करू, भिंतींशी बोलू? थकले आहे हे खरं, पण या टेबलामागे उभी असते तोवर मी कुणीतरी असते. घरी नुसती म्हातारी.

मग मी एक युक्ती केली. सुरीच्या टोकावर तुकडा द्यायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. भुवई कुठं जाते, ओठ कुठं जातो. आणि शेजारी तोन्का होतीच.

तोन्का म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलाची बाई. तीही चक्काच विकते. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभ्या आहोत, पण एक शब्द सरळ बोलेल तर शपथ. सकाळी गुडघा धरून लंगडत यायचं, स्वतःचे डबे उतरवायच्या आधी माझ्या चक्क्याच्या कडेला बोट घालायचं, तुकडा तोंडात टाकायचा आणि तोंड वाकडं करायचं.

"खारट! काल काय समुद्रावर जाऊन आलीस?"

किंवा, "अगं, मीठ रुसून बसलंय का तुझ्यावर?"

किंवा, "यागित्सा, हे खायचं की भिंतीला लावायचं?"

पूर्वी अशी खोडी कधीमधी काढायची. हिवाळ्यापासून मात्र रोजचंच झालं. मला वाटलं, म्हातारपणी चेकाळलीय. पण मनातून खूश झाले. म्हटलं, बरंय, फुकटची जीभ मिळाली! खारट म्हणाली की दुसऱ्या दिवशी मीठ कमी. आंबट म्हणाली की दूध लवकर तापवायचं. तिला पत्ताही नाही आणि माझं काम होतंय. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

वसंतात तिचा गुडघा अगदीच अडला आणि ती तपासणीसाठी दवाखान्यात गेली. जायच्या आदल्या दिवशी टेबलाशी घोटाळत राहिली.

"मी नाहीये आता काही दिवस. जरा जपून," ती म्हणाली.

"मी कशाला जपू? गुडघा तुझा गेलाय."

"बरं बाई, नको जपू," असं म्हणून निघून गेली.

त्याच सुमारास रुश्कानं कुंपण मोडलं. मागच्या रानात हिरवळ वर आली की तिच्या अंगात येतंच. संध्याकाळी तिला हाकलून आणली, कुंपण दोरीनं बांधलं. खिळे ठोकायला अंगात जीव नव्हता. दूध काढलं, सवयीनं नाक बादलीवर धरलं. काही नाही. काही वास नाही म्हणजे दूध चांगलं, ही माझी जन्मभराची सवय. नाकच नाही हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. दमलेलं माणूस सवयीनंच चालतं.

शुक्रवारी टेबल लावलं. नेहमीच्या बायका यायच्या, जवळ आल्या की थबकायच्या, हसायच्या. "आज घाईत आहे, कुमा." "घरात आहे अजून, कुमा." मी म्हटलं असेल. मग माझ्या व्लास्ताबाई आल्या. पियानो शिकवायच्या, आता एकट्याच असतात. दर शुक्रवारी येतात आणि कधी चाखत नाहीत. "तुमचा चक्का मी काय चाखायचा?" म्हणतात. त्या दिवशी त्यांना जबरदस्त सर्दी झाली होती, रुमाल नाकाला लावूनच आल्या. नातीचा वाढदिवस होता, मनुका घालून चक्क्याची गोड गुंडाळी करणार होत्या. मी नेहमीपेक्षा मोठा तुकडा बांधून दिला.

त्यानंतर परदेशी लोकांचा घोळका आला. एकानं वाकून वास घेतला आणि त्याचे डोळेच मोठे झाले. चाखलं. सगळ्यांना हाका मारल्या. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. भुवया वर, अंगठे वर, काही विचारू नका! दुपारच्या आत टेबल रिकामं. घरी जाताना बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते. म्हटलं, यागित्सा, नाक गेलं तरी हात गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मात्र नेहमीचं एकही माणूस थांबेना. परदेशी थांबत होते, चाखत होते, माना डोलावत होते. आणि शुक्रवारी मी वाट बघत असताना मला अंड्यांच्या टोपल्यांमागे करडा कोट दिसला. मान खाली, पिशवी छातीशी. व्लास्ताबाई! वळसा घालून पलीकडच्या रांगेत चालल्या होत्या. माझ्या व्लास्ताबाई.

कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी पुसलेलंच टेबल परत पुसत राहिले.

तेवढ्यात मागून काठीची टकटक ऐकू आली आणि तोन्काचा आवाजही.

"यागित्सा! अगं बये, हे काय विकतेस?"

"चक्का. दिसत नाही?"

"दिसायचं काय घेऊन बसलीस, तिकडं जिन्यावर वास येतोय! रानलसूण! सगळं दालन घमघमतंय!"

रुश्का. मागचं रान. दोरीनं बांधलेलं कुंपण ती रोजच सारून जात असणार. दर वसंतात एखाद्या दिवशी ती रानलसूण खाऊन येते, दर वेळी मी बादलीवर नाक धरते आणि दूध डुकरांना घालते. त्या परदेशी लोकांना वाटलं, हा मुद्दाम लसूण घालून केलेला प्रकार आहे. आणि मी त्यांची तोंडं बघून खूश!

तोन्का जवळ आली, आवाज खाली आणला. "तुला येत नाही ना?"

"काय?"

"वास."

"सर्दी झालीय."

"सर्दी? हिवाळ्यातल्या कार्निव्हलपासून?" तिनं काठी टेबलाला टेकवली. "कार्निव्हलला मी तुझ्या कॉफीत मीठ घातलं होतं. चांगला चमचाभर. म्हटलं, बाई थुंकेल, शिव्या देईल, जरा गंमत होईल. तू सगळी प्यायलीस आणि वर मला म्हणालीस, छान झालीय. घरी जाऊन मला झोप लागली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगितलंस का? तू लपवतेस तर मी कशाला उघडं करू? म्हटलं रोज चाखायचं, रोज शिव्या द्यायच्या. तू आपली सुधारून आणायचीस."

"म्हणजे तुला माहीत होतं, मी तुझं ऐकून..."

"नाहीतर काय! मी खारट म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी अळणी घेऊन यायचीस. आंधळ्यालाही कळलं असतं."

मी खोक्यावर बसले. लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं, सगळं एकदम. तोन्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन मी पुढं ढकलत होते. कशासाठी ते विचारू नकोस. आता डॉक्टर ऐकत नाही. मी टेबल सोडतेय, यागित्सा. या महिन्यानंतर नाही यायची."

"मग मला कोण सांगणार?"

"गिऱ्हाइकांना विचार."

"गिऱ्हाईक सांगतं का कधी?"

"तू विचारलंयस का कधी?"

अंड्यांच्या मागून करडा कोट परत येत होता. पिशवी आता फुगलेली होती. गप्प बसले असते तर व्लास्ताबाई गेल्या असत्या, आणि मग एकेक करून सगळेच. मी उठले.

"व्लास्ताबाई!"

अख्खं दालन वळून बघायला लागलं. बाजारात असं कुणी हाक मारत नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं असतं. व्लास्ताबाई कानापर्यंत लाल झाल्या. हळूहळू आल्या, पिशवी पाठीमागे लपवत.

"मी येणारच होते, कुमा, जरा तिकडं..."

"बाई, मला वास येत नाही," मी म्हटलं. मोठ्यानंच बोलले, म्हणजे परत परत सांगायला नको. "चवही नाही. हिवाळ्यात ताप आला तेव्हापासून. मला कळत नाही मी काय विकतेय. माझा चक्का कसा होता ते तुम्ही सांगा."

पलीकडच्या रांगेतल्या बाईची सुरी हवेत तशीच राहिली. व्लास्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चक्क्याकडे.

"लसणीचा होता, कुमा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि हात थांबवले. नात म्हणाली, आजीला आता कळत नाही. मी रात्री रडले. मला वाटलं, मी म्हातारी झाले, कधी चाखून बघत नाही, म्हणून तुम्ही मला वाईट माल बांधून दिलात. तुम्हीसुद्धा."

त्या 'तुम्हीसुद्धा'नं माझं काळीज चिरलं. मी टेबलावरून त्यांचा हात धरला. काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी तोंडातल्या तोंडात.

मग आम्ही सगळा चक्का डब्यात भरला, डुकरांसाठी. एक परदेशी माणूस काठीवरचा फोन घेऊन आला आणि डब्याकडे बोट दाखवून फारच गोड हसला. तोन्का त्याच्यावर खेकसली, "डुकरांचं आहे हे! तू डुक्कर आहेस का?" त्याला शब्द कळला नसावा, पण काठी कळली.

त्या संध्याकाळी मी कुंपणाला खिळे ठोकले. नेहमीच्यांपैकी काही जणी परत आल्या, काही नाहीच आल्या. त्यांना दोष नाही देत. व्लास्ताबाई आता शुक्रवारी गर्दी व्हायच्या आधी येतात, पिशवीतून स्वतःचा चमचा काढतात, डोळे मिटून चाखतात आणि शिष्येला सांगावं तसं सांगतात, "मीठ घाईत पडलंय, कुमा." बाकीच्या दिवशी मी ज्याला त्याला सरळ विचारते. सुरुवातीला बायका कसनुशा व्हायच्या. आता सांगतात. काही तर जरा जास्तच सांगतात.

तोन्काचा शेवटचा दिवस आला. तिनं टेबल घासून पुसलं, सुरी फडक्यात गुंडाळली. थर्मासमधली कॉफी त्या दिवशी मी ओतली. तिची पाठ होती, तेवढ्यात तिच्या कपात चांगलं चमचाभर मीठ घातलं आणि ढवळलं. म्हटलं, जाता जाता तरी शिवी देऊ दे.

पहिल्या घोटाला ती थांबली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, मिठानं की कशानं कोण जाणे. मग कप तोंडाला लावला आणि तळापर्यंत सगळी प्यायली.

"साखर जरा जास्त झाली, यागित्सा," ती म्हणाली, आणि कप माझ्या हातात देऊन काठी शोधायला लागली.