मैनाच्या शून्य चुका

ज्योत्स्ना मॅडमचं कृतिसंशोधन जिल्ह्यात पहिलं येणार, हे केंद्रप्रमुखांनी आधीच सांगून टाकलं होतं. शुक्रवारी अमरावतीला सादरीकरण होतं. विषय भारदस्त: ‘चौथीच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील अशुद्ध शब्द कमी करणे’. उपाय सोपा. पोरगं ‘मला’, ‘तुला’, ‘का’ सोडून वऱ्हाडी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणालं की भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे लाल रेघ. पूर्वचाचणीत मैनाच्या एकेचाळीस रेघा होत्या, वर्गात सगळ्यात जास्त. उत्तरचाचणीत शून्य. आलेख असा घसरला होता की परीक्षकांनी नुसतं बघत राहावं.

चांदूर बाजारजवळच्या त्या दोनशिक्षकी शाळेत बुधवारी मैनाची आई जमुना येऊन दारात उभी राहिली. तक्रार करायला नव्हती आली, बिचारी सल्ला विचारायला आली होती.

“मॅडम, पोरगी महिन्यापासून घरीबी बोलून नाही राहिली. घशात काही झालं असन का?”

दवाखान्यात दाखवा, असं सांगून मॅडमनी तिला वाटेला लावलं. मग मात्र त्यांना खुर्चीत बसवेना. घशात काही झालेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उत्तरचाचणीत बाजाराचं चित्र समोर ठेवून त्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मैना पाच मिनिटं ओठ मिटून उभी होती. बोललीच नाही, तर चूक कुठून होणार? मॅडमनी ‘चुका: शून्य’ लिहिलं, आणि ती बोलली नाही हे कुठेच लिहिलं नाही. आता त्यांना स्वतःची लाज वाटली. बार्शीटाकळीहून त्यांची आई रोज फोनवर ‘जेवली का वं, तुले बरं आहे नं’ विचारते. तिच्या नावापुढे त्यांनी किती रेघा ओढल्या असत्या?

मधल्या सुट्टीत त्या मैनाशेजारी सतरंजीवर जाऊन बसल्या. शुद्ध शब्द जुळवायला गेल्या, आणि तोंडात आले ते घरचेच.

“मैना, मले सांग नं. काहून बोलून नाही राहिली तू?”

मैनाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग उठली, टेबलावरचा लाल पेन घेतला, तक्त्याच्या तळाशी ‘मॅडम’ लिहिलं आणि पुढे दोन रेघा ओढल्या. लगेच घाबरून पेन पाठीमागे लपवला.

“दोन झाल्या,” ती हळूच म्हणाली.

शुक्रवारी मॅडम अमरावतीला गेल्या, पण आलेख घरीच ठेवून. सोबत फक्त तो तक्ता नेला, तळाच्या त्या दोन रेघांसकट.