वेलाखालची विहीर

"विहिरीला झाड म्हणतोस? मग दुसऱ्या झाडात पोहरा सोड आणि पाणी काढून दाखव!"

माझी थोरली बहीण मळ्यात नकाशावाल्यावर ओरडत होती. मी खुरपं टाकून धावलो. नवा रस्ता आमच्या मळ्यातून जाणार होता, म्हणून तो हातातल्या यंत्रावर जागा पडताळत होता.

"मावशी, मी नाही म्हणत, नकाशा म्हणतो," तो म्हणाला. "तळाला आभाळातून काढलेला फोटो. त्यावर एकेक थर, घरांचा, पाण्याचा, झाडांचा. फोटोत काळा गोल दिसला की पाणी, हिरवं दिसलं की झाड. तुमच्या विहिरीवर वेल आहे, म्हणून ती झाडांत गेली. आणि रस्ता विहीर टाळतो, झाड नाही टाळत."

"उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते. हे आभाळातून हाकतात! अरे, तू इथं उभा आहेस. डोळ्यांनी बघतोस ना? लिही की."

"लिहितो. पण कचेरीत मी टाकलेला ठिपका फोटोशी ताडतात. जुळला नाही की काढून टाकतात. नवा फोटो लवकरच निघणार आहे. वरून पाणी दिसलं तर काही होईल."

वेल माझ्या बायकोनं चढवला होता. उन्हानं पाणी आटू नये म्हणून तिनं बांबू रोवून तारा ओढल्या होत्या. ती गेली, तेव्हापासून मी त्याला कोयता लावला नव्हता.

ताई हळू आवाजात म्हणाली, "तुला जमत नसेल तर मी तोडते."

"नको. मीच तोडतो."

तारेवर जागोजागी तिनं चिंध्यांनी वेल बांधला होता. ताई एक गाठ सोडवत बसली. "काय घट्ट मारल्यात! मेली तरी सोडेना बाई," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. शेवटी मी गाठी कापल्या. पाण्यावर ऊन पडलं. लोक पावसासाठी वर बघतात, आम्ही फोटोसाठी बघत होतो.

नकाशावाला परत आला. यंत्रावर विहीर दिसत होती, काळीभोर, स्वच्छ. ताईला हसू फुटलं. मग तिनं गोलावरून गेलेल्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"रस्ता. जुन्या फोटोवर आखला आणि वरच्या कचेरीतून पक्का झाला. नवा फोटो नंतर आला."

"मग सरकव ना रेघ!"

"मावशी, माझ्या यंत्रावर रेघ फक्त दिसते. सरकत नाही."

मी त्याला नवा फोटो अजून वर पाठवून बघ म्हणालो. त्यानं पाठवला. कुणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात रस्ता आखणारी माणसं चुना टाकत आली. कठड्यापाशी त्यांच्यातला पुढचा थबकला.

"अहो, इथं तर विहीर आहे."

"हो," मी म्हणालो.

त्यानं आत वाकून बघितलं, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. मग कठड्याला वळसा घालून पलीकडून रेघ पुढे ओढली.