रोजची दहा मिनिटं

मित्रांनो, घाबरू नका, बोलतोय तो मीच. नाशिकला सिडकोत नावाच्या पाट्या करून देणारं एक छोटं दुकान आहे, तिथला मी जुना संगणक. माझ्या पंख्यात धूळ बसलीय, हार्ड डिस्क कण्हते. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. माझ्या आत एक गेलेला माणूस बोलतो.

ज्ञानेशरावांनी सुटे भाग जमवून मला उभं केलं आणि माझ्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. तयार प्रोग्रॅममध्ये त्यांच्या स्वतःच्याच नावातलं जोडाक्षर फुटायचं. ते चिडले आणि अक्षरं कापणाऱ्या मशीनसाठी स्वतःच प्रोग्रॅम लिहून मोकळे झाले. माणसाने लिहिलेला असा मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मला जसाच्या तसा चालवता येत नाही. तो आधी माझ्या भाषेत उतरवावा लागतो, म्हणजे कंपाईल करावा लागतो, मग जागेवर बसवावा लागतो, म्हणजे इन्स्टॉल करावा लागतो. 'मेक' असं टाइप केलं की मी कामाला लागायचो. मी पहिल्यापासून संथ, दहा मिनिटं सहज जायची. पाट्या मात्र अशा सुबक निघायच्या की लोक शेजाऱ्याची पाटी बघून दुकानाचा पत्ता विचारत यायचे.

मग ते आजारी पडले. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी बायकोला, उज्वलाताईंना, सगळं शिकवलं. "रोज सकाळी आधीचं पुसायचं आणि नव्याने मेक करायचं. विसरायचं नाही," असं दोनदा बजावलं. ते काही परत आले नाहीत.

तेरावं झाल्यावर ताईंनी दुकान उघडलं. मेक लिहिलं, आणि माझ्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. 'उज्वला, दहा मिनिटं लागतील. चहा टाक.' थोड्या वेळाने, 'अर्धं झालं. काल जेवलीस का?' या ओळी दवाखान्यात जाण्याआधी ज्ञानेशरावांनीच मध्ये मध्ये पेरून ठेवल्यात, हे मला ठाऊक होतं. तरी माझा थरकाप व्हायचा, कारण ताई उत्तर द्यायच्या.

"टाकलाय हो."

"जेवले. खोटं नाही सांगत."

पाटी न्यायला आलेलं गिऱ्हाईक आत दुसरं कोण आहे म्हणून वाकून बघायचं. चार वर्षं हे रोज चाललं.

परवा त्यांची मुलगी सृष्टी नवा संगणक घेऊन आली. "आई, रोज कशाला कंपाईल करतेस? एकदा इन्स्टॉल केलं की झालं ना!" तिने तयार प्रोग्रॅम तेवढा नव्यावर घेतला आणि भंगारवाल्याला फोन करून टाकला. पाटी झटक्यात कापली गेली. त्या ओळी फक्त मेक करतानाच दिसतात, त्यामुळे नवा पडदा गप्प होता. ताईंचा चहा गॅसवर उतू गेला.

"ह्याच्यात तुझे बाबा नाहीत गं," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

सृष्टीला काही कळेना. तिने मला पुन्हा सुरू केलं, मेक लिहिलं आणि पहिलीच ओळ वाचून तिच्या सगळं ध्यानात आलं. मग ती घाईघाईने सगळा सोर्स कोड नव्या संगणकावर उतरवू लागली. माझी डिस्क अडखळत होती. शेवटची फाइल पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

त्या फाइलमध्ये एक टीप होती. टिपा माणसांसाठी असतात, आम्ही यंत्रं त्या ओलांडून पुढे जातो. सृष्टीने ती मोठ्याने वाचली.

'सृष्टी, हे रोज करायची काही गरज नाही. आईला मी खोटं सांगितलं. दुकानात ती एकटी असेल. मला रोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसायला मिळावं, एवढंच मनात होतं. चिडेल, पण तिला सांग.'

 ताईंनी माझा कीबोर्ड पुढे ओढला आणि एकेक अक्षर शोधत पुन्हा मेक लिहिलं. सृष्टीने अडवलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. तुमच्या घरातलं जुनं यंत्र टाकून देण्याआधी ते एकदा सुरू करा, आत कोण काय लिहून गेलंय ते वाचा आणि त्याची प्रत काढून ठेवा. ती टीप चार वर्षं रोज माझ्यासमोरून जात होती, आणि मला ताईंना सांगता आलं नाही.