मागच्या सीटवरचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. लाल रंगाचं, बायकी मापाचं. माझी काच पिवळी पडली आहे आणि डाव्या बाजूला एक लांबलचक ओरखडा आहे. मित्रांनो, तो बघून तुम्ही म्हणाल, बिचारं कुठेतरी आपटलं असेल. छे! रस्त्यावर मी एकदाही पडलो नाही. हा ओरखडा घरचा आहे. तो कसा उमटला ते ओघात येईलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझी कडक टोपी निघाली, आत थर्माकोलचा जाड थर बसला, त्यावर मऊ कापड लागलं आणि वरून लालभडक रंग चढला. तिथून मी भाईंदरच्या एका दुकानात आलो. माझ्या शेजारची मोठी काळी हेल्मेटं आज आली की उद्या जायची. मला मात्र कोणी हात लावत नसे. त्या काळात गाडी चालवणारेच हेल्मेट घालायला कुरकुर करायचे, मागे बसणाऱ्या बाईला कोण घेऊन देणार?

आणि एक दिवस अल्फान्सो आला. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून चौक नावाचं गाव आहे, तिथला हा गडी. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याने थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार हसला. "भाई, पीछे बैठनेवाली को हेल्मेट कौन पहनाता है?"

"मी घालतो," अल्फान्सो म्हणाला. तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

त्याच्या बायकोला, टेरेझाला, मी अजिबात आवडलो नाही. लग्नानंतरचं पहिलं गिफ्ट म्हणून ती साडीची वाट बघत होती. कागद सोडला तर आत मी! "हे टोपलं मी डोक्यावर घेऊ?" म्हणून ती दोन दिवस रुसली. पण रविवारी मिस्साला मला घालून गेली, तर चर्चच्या दारात बायकांनी तिला गराडाच घातला. कोणी काच वर करून बघितली, कोणी डोक्यात घालून बघितलं. त्यानंतर टेरेझा माझ्याशिवाय घराबाहेर पडेना.

काय दिवस होते ते! अल्फान्सोची पहिली गाडी साधीच होती, पण तिची सीट लांब, सपाट आणि रुंद. टेरेझा एका बाजूला पाय सोडून ऐसपैस बसायची. एक हात त्याच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी, आणि तोंडाची टकळी चालू. वाऱ्यामुळे अल्फान्सोला तिचं निम्मंच ऐकू यायचं आणि तो नुसता हं हं करायचा. मला मात्र सगळं ऐकू यायचं, कारण ती माझ्या पोटातच बोलायची. पुढे जेनेल झाली, मग ती दोघांच्या मध्ये बसू लागली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं.

मग चाळिशी उलटली आणि अल्फान्सोला काय झालं देव जाणे. त्याने ती गाडी विकली आणि एकटाच जाऊन शर्यतीत पळवतात तसली गाडी घेऊन आला. चालवणारा पुढे ओणवा, आणि मागची सीट म्हणजे वर उचललेला, पुढे उतरता, एवढासा तुकडा. गाडी दिसायला झकास होती, ते मी नाकारत नाही. पण मागे माणूस बसतं हे ती बनवणारे विसरले होते, आणि अल्फान्सोही विसरला होता.

टेरेझा त्या गाडीवर एकदाच बसली. उत्तन नाक्यापर्यंत तिने कसाबसा तग धरला, आणि दुसऱ्या स्पीडब्रेकरला ती खाली उतरली.

"ही सीट हाय का विळीचा पाट?" ती भर रस्त्यात कडाडली. "तू जा पुढं. मी बसनं येते."

घरी आल्यावर तिने मला ओट्यावर आपटलं. हाच तो ओरखडा! "तुझ्या गाडीवर मी परत बसणार न्हाय," ती म्हणाली. आणि टेरेझा एकदा न्हाय म्हणाली की ते न्हायच असतं, हे सगळ्या चौक गावाला ठाऊक आहे.

झालं. मी ओट्यावरच्या खिळ्याला लटकलो. आधी माझ्यावर धूळ बसली. मग कोणीतरी माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. हसू नका, मित्रांनो! ज्याच्यात एके काळी टेरेझाचं डोकं असायचं, त्याच्यात प्लास्टिकचे चिमटे. मला फार वाईट वाटायचं.

अल्फान्सोची गत माझ्यापेक्षा वेगळी नव्हती. लग्न असो, बारसं असो, कुणाकडचं जेवण असो, हे जोडपं दोन वेळा पोचायचं. आधी अल्फान्सो फटफट करत एकटा. मग बऱ्याच वेळाने, दोन बस बदलून, घामाघूम झालेली टेरेझा. लोक चेष्टा करायचे, "काय रे, भांडलात काय?" तो तोंडावर हसायचा. पण संध्याकाळी ओट्यावर बसला की माझ्याकडे बघत राहायचा. पाठीमागची बडबड नाही म्हणून त्याला रस्ता खायला उठायचा. तरी गाडी बदलेना. आपण चुकलो हे म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती.

शेवटी त्याच्या कमरेनेच बंड केलं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एकदा तो लेकीकडे पेणकरपाड्याला गेला, आणि गाडीवरून उतरला तो सरळ उभाच राहीना. जेनेलने त्याला हात धरून जिना चढवला. घरी फोन करून ती आईला म्हणाली, "मम्मी, डॅडींना सांग, ती गाडी विकून टाका. आता ह्या वयात मोटरसायकल कशाला? तुम्ही दोघं आपले बसने या."

टेरेझाने निरोप सांगितला. अल्फान्सोने माझ्याकडे बघत कंबर चोळली. मग म्हणाला, "टॅनियाची चर्चमधली पहिली कम्युनियन हाय पुढल्या महिन्यात. नातीच्या दिवशी तरी आपण दोघं एका गाडीवरनं गेलो असतो."

"त्या पाटावर?" टेरेझा म्हणाली. "न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर अल्फान्सो उठला. त्याने माझ्यातले चिमटे एका पातेल्यात ओतले, मला फडक्याने पुसलं आणि कापडी पिशवीत घातलं. हा मला भंगारात तर देत नाही ना?

पिशवीचं तोंड उघडलं तेव्हा आम्ही काशीगावजवळ, हायवेलगतच्या एका मोटरसायकलच्या शोरूममध्ये होतो. चंदन नावाचा तरतरीत विक्रेता पुढे आला. "या अंकल, बसून बघा. तुमच्या वयाला एकदम कम्फर्टेबल गाड्या आहेत."

अल्फान्सो एका गाडीवर बसला. हँडल उंच, पाय पुढे मोकळे, पाठ ताठ. त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "अरे, ही तर आरामखुर्ची हाय!" तो म्हणाला. चंदनला वाटलं, झालं काम. त्याने चालवून बघायला किल्ली पुढे केली.

"किल्ली तूच घे," अल्फान्सो म्हणाला. "तू चालव. मी मागं बसतो."

"मागे? अंकल, चालवणार तुम्ही ना?"

"चालवायचं मी बघून घेईन. बसणारी दुसरी हाय. मागच्या वेळी तिला न विचारता गाडी घेतली आणि गाडीवरनं तिला घालवून बसलो. आता आधी मी बसून बघतो, मगच तिच्यासमोर जातो." असं म्हणून त्याने मला बाहेर काढलं आणि डोक्यावर चढवलं.

मित्रांनो, तो प्रकार तुम्ही बघायला हवा होता. मी बायकी मापाचं, त्याचं डोकं भोपळ्याएवढं. मी कपाळापर्यंतसुद्धा उतरेना. पट्टा हनुवटीला पुरेना, म्हणून त्याने एका हाताने मला धरून ठेवलं. मग टेरेझा बसते तसा एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसला. अख्खं शोरूम पोट धरून हसत होतं.

चंदन जपून चालवायला लागला तर हा मागून ओरडला, "खड्डे चुकवू नको!"

"अंकल, कंबर जाईल!"

"जाऊ दे. मी कधी चुकवलेत? मागं कोण बसलंय हे विसरून चालव. मी तसाच चालवायचो."

पहिल्या गाडीवर तो पहिल्याच खड्ड्यात कळवळला. दुसरीवर पाय ठेवायला धड जागा नव्हती, त्याचे गुडघे भरून आले. तिसरीच्या सीटवरून तो प्रत्येक ब्रेकला पुढे घसरून चंदनच्या पाठीवर आदळायचा. तिच्यावरून उतरल्यावर तो फुटपाथवर बसला आणि हळूच म्हणाला, "बिचारी टेरेझा."

चौथी गाडी मातकट हिरव्या रंगाची होती. मागची सीट रुंद, सपाट, आतून भरघोस. टेकायला छोटी पाठ, आणि डाव्या बाजूला पाय ठेवायला चांगली लांब पट्टी. चंदनने ती मुद्दाम सगळ्यात वाईट रस्त्यावरून नेली. अल्फान्सो एकदाही कळवळला नाही. मग गुणगुणायला लागला. परत येताना तर तो येणाऱ्याजाणाऱ्यांना हात करत होता! गाडी ठरली.

पण असली गोष्ट लपते थोडीच? चौकचा कॅल्विन भाडं घेऊन नेमका तिकडे आला होता. रिक्षावाल्याच्या पोटात बातमी राहत नाही. अल्फान्सो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती: टेरेझाचा नवरा लाल हेल्मेट घालून, लेडीजसारखा बसून, परक्या पोराच्या मागे फिरतोय.

टेरेझा कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभी होती. "किती गाड्यांवर बसलास?"

"चार."

"दुखलं काय?"

"तीन गाड्यांवर लई दुखलं." अल्फान्सोने मला खाली ठेवलं आणि मान वर न करता म्हणाला, "तू त्या दिवशी ओरडलीस ते बरोबर होतं. मी चुकलो, टेरेझा. चौथी गाडी घेतली हाय. तू बसलीच पाहिजेस असं न्हाय. पण तुझ्यासाठीच बघितली."

टेरेझाने आत जाऊन त्याच्या कमरेला लावायला तेल गरम केलं. हो किंवा नाही, काही कळेना. माझा जीव टांगणीला लागला.

गाडी घरी आली त्या दिवशी फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. कॅल्विनने हार घातला. शेजारीपाजारी जमले, आणि सगळ्यांचे डोळे टेरेझावर. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं, ओट्यावर आली आणि मला खिळ्यावरून काढलं. माझा आनंद काय सांगू! तिने मला डोक्यात घातलं, आणि माझ्या आतल्या थर्माकोलचा भुगा तिच्या केसांत सांडला. पट्ट्याची कडी लावायला गेली तर ती गंजून तिच्या हातात आली.

जिची इतकी वर्षं वाट पाहिली, ती वेळ आली आणि मीच कुचकामी निघालो. मला रडू कोसळलं असतं.

अल्फान्सोने गाडीला बांधलेलं एक खोकं सोडलं. "जुनं डोक्याला वाचवत न्हाय आता. चंदनने सांगितलं, म्हणून नवं आणलं."

"लाल हाय काय?" टेरेझाने विचारलं.

"लालच."

नवं हेल्मेट तिला छान बसलं. थोडी जळफळ झाली माझी, खोटं कशाला बोलू? पण टेरेझाचं डोकं सुखरूप राहावं म्हणूनच तर माझा जन्म होता. ती साडी सावरून मागे बसली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तिची बडबड सुरू झालेली मी इथून ऐकली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या हेल्मेटांना प्रेमाने ठेवा, पण डोक्यात घालू नका. गाडी घ्याल तेव्हा मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्या, आणि रोज निघताना विचारा, "नीट बसलीस ना?" अल्फान्सो आता हे विचारल्याशिवाय गिअर टाकत नाही.

टॅनियाच्या कम्युनियनच्या दिवशी दोघं सकाळी त्याच गाडीवरून गेली. टेरेझाच्या मांडीवर फुग्यांचा, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोल पावांचा डबा होता. संध्याकाळी हॉर्न वाजला आणि गाडी दारात थांबली. अल्फान्सोने इंजिन बंद केलं, पण टेरेझा जागची हलेना.

"उतर ना, घर आलं," तो म्हणाला.

"घर कुठं पळून जातंय?" टेरेझा म्हणाली. "चल, दर्यापर्यंत जाऊन येऊ."