पुन्हा दत्तूच

सितारामने मैदानाभोवतीची दोरी गुडघ्यापर्यंत दाबली, एक पाय आत टाकला आणि ओरडला,

"गंगाराम, आता तरी नामदेवला पाठव!"

पंचाने शिट्टी फुंकून त्याला मागे हटवलं. सिताराम हटला, पण दोरी त्याने सोडली नाही. त्यांच्या शिरवणे गावचा दत्तू चढाईला निघाला होता. सलग पाचव्यांदा. तीच डावी बाजू, तेच वाकून हात लांब करणं. समोरच्या बोनकोडे गावच्या पोरांना ते एव्हाना तोंडपाठ झालं होतं. त्यांनी त्याला निवांत आत येऊ दिलं आणि घोटा धरून आडवा केला. दत्तू बाद होऊन बाहेर आला तेव्हा त्याचं कोपर सोलून निघालं होतं.

"अरं, म्हस बी एकदा काठी बसली की वाट बदलते," मागून कोणीतरी म्हणालं.

"पोरगा हाय ना गंगारामचा. दुसरा दिसंल कशाला?"

लोक हसले. चढाईला कोणी जायचं हे ठरवणारा गंगाराम बाकावर बसून गवताची काडी चावत होता. सगळं ऐकू जात असूनही त्याने मान वळवली नाही.

एरवी अशा टवाळीत सिताराम सगळ्यांच्या पुढे असायचा. आज त्याचा जीव टांगणीला लागला होता. पंचांच्या टेबलाशेजारी मुंबईच्या एका कंपनीचे साहेब बसले होते. कंपनीच्या कबड्डी संघात एक जागा रिकामी होती, आणि जो पोरगा पसंत पडेल त्याला कायमची नोकरी मिळणार होती. गावाची शेती नव्या शहरासाठी गेल्याला दहा वर्षं झाली होती. सितारामचा नामदेव दोन वर्षं औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फाटकावर रोजंदारीसाठी उभा राहत होता. आणि आज, साहेब समोर असताना, गंगारामने त्याला डाव्या कोपऱ्यात खिळवून ठेवलं होतं. नामदेवने बोनकोड्याचा गडी पकडला की गुण मिळायचा, त्या गुणावर बाद झालेला दत्तू पुन्हा आत यायचा आणि पुढच्या चढाईला पुन्हा दत्तूच जायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! सितारामच्या अंगाची लाही लाही होत होती.

मध्यंतराला तो दोरी ओलांडून सरळ बाकापाशी गेला. गंगाराम दत्तूच्या कोपराला रुमाल बांधत होता.

"डाव बदल," सिताराम म्हणाला.

"नाय बदलत."

"नामदेवला एक चढाई दे. एकच. साहेब बघतायत रं."

"बघू दे की."

"दोघं एका मैदानात वाढलो आपन. माज्या पोराच्या पोटावर पाय देतोस?"

गंगारामने गाठ मारली, दत्तूच्या पाठीवर थाप दिली आणि त्याला आत पाठवलं. 

"मंग आजपासून तुजी-माजी बोलचाल बंद," सिताराम म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज फाटला, आणि त्याचा त्याला आणखी राग आला.

उत्तरार्धात लोकांचा संयम सुटला. 'डाव बदला' म्हणत पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. एक चप्पल बाकाशेजारी येऊन पडली. गंगारामने ती पायाने बाजूला सारली. दत्तू गेला, पडला, आत आला, परत गेला. नामदेव कोपऱ्यातच पकडी करत राहिला. शिरवणं तीन गुणांनी हरलं.

सिताराम मान खाली घालून निघाला होता. साहेबांनीच त्याला हाक मारली.

"नामदेव तुमचा मुलगा ना? सोमवारी त्याला पाठवून द्या. कागदपत्रं बरोबर असू द्या."

"पन तो एकदा बी चढाईला गेला नाय, साहेब," सिताराम म्हणाला.

"चढाईवाले चार आहेत आमच्याकडे. पकडीला, कोपऱ्यात माणूस नव्हता. सकाळीच मी गंगारामना म्हटलं होतं, असा कोणी असेल तर त्याला पूर्ण वेळ बघू द्या. चढाईला गेला असता तर बाद होऊन अर्धा सामना बाहेर बसला असता."

गंगाराम मैदानाच्या टोकाला खुंट्यांवरून दोरी सोडवत होता. सिताराम जवळ गेला. त्याने दोरीचं दुसरं टोक उचललं.

"मला सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"तुज्या पोटात पानी तरी राहतं का? अर्ध्या घटकेत गावाला कललं असतं. मंग दत्तू कशाला चढाईला गेला असता?"

"त्याला ठावं नाय?"

"साहेब तुलाच बघाया आलेत, असं सांगितलं त्याला." गंगारामची बोटं दोरीत थांबली. "नामदेव कोपऱ्यात ठेवायचा तर चढाईला कोन जानार? बाकीची पोरं दोनदा पडली की मागं सरतात. दत्तू नाय सरत."

मग खालच्या आवाजात तो म्हणाला,

"त्याला कलता कामा नये, सिताराम. तू मगाशी बोलत होतास तेच बोलत राहा."

चहाच्या टपरीवर गर्दी होती. गंगारामची खिल्ली उडवणं चालूच होतं. सिताराम आला तशी माणसं आशेने त्याच्याकडे वळली. बाकड्याच्या टोकाला दत्तू बसला होता. त्याच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"नामदेवचं झालं ना काका? बरं झालं," तो म्हणाला. "मीच कमी पडलो. बाबांनी किती येला पाठवलं मला."

 सितारामला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तू नाय कमी पडलास!" तो मैदानात ओरडला होता त्याहून मोठ्याने ओरडला. "डावच चुकला. पुन्हा पुन्हा तोच डाव! तुज्या बापाला खेलातलं काय बी कलत नाय. काय बी नाय!"

लोक खळखळून हसले. दत्तूही थोडं हसला आणि त्याने चहा उचलला. सिताराम त्याच्या शेजारी बसला. कोपरावरचा रुमाल सैल झाला होता. त्याने तो सोडला, झटकला आणि पुन्हा बांधायला घेतला. गाठ काही केल्या नीट बसेना.