सुई बोलते

अंगातलं टेस्टोस्टेरॉन कमी पडतंय म्हणून डॉक्टरांनी गयासला इंजेक्शनं सुरू केली आणि घरच्यांना आयतंच निमित्त सापडलं. सुई घेतल्यावर तो कुणावर डाफरला, की सगळे हसायचे, “सुई बोलतेय!” पुढची सुई जवळ आली, की तो मरगळून पडायचा आणि कशालाही हो म्हणायचा. धाकटा भाऊ मुनीब नेमका तेव्हाच यायचा.

आजही आला. “भाईजान, शहागंजातलं अब्बांचं अत्तराचं दुकान मोडू. तिथं मोबाइलचं टाकू.”

गयासला मान उचलणंही जड जात होतं. तरी तो उठून उभा राहिला.

“नाय!”

मुनीब हसला. “सुई बोलतेय!”

“सुई उद्या हाय, मुनीब. आज अंगात नुसता मीच हाय. निघ!”