बिडीवर मिसरीचा उतारा

लंकाबाईला घाण सोसत नसे, आणि घरातली सगळ्यात मोठी घाण तिच्याच पोटची होती. थोरला गहिनीनाथ, चाळिशीचा बाप्या, दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढायचा. ओसरीत थोटकं, गव्हाणीत थोटकं, एकदा तर पिठाच्या डब्यामागं थोटूक. सकाळी उठला की घसा खरवडून असा खाकरायचा, की हिच्या हातातला चहा बशीतच निवायचा. गोधडीला तोच वास, लेकरांच्या डोक्यांना तोच वास.

दुष्काळी कामावर खडी फोडत असताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. दगड लागला असेल म्हणून हळद भरली. मग जखमेला वास सुटला, तेव्हा लंकाबाईनं त्याला एस.टी.त घालून नेवाशाहून नगरला नेलं. डॉक्टरनं घोट्याशी बोटं टेकवून नाडी शोधली, ती सापडेना. बिडीनं पायातल्या रक्ताच्या नळ्या बंद होत चालल्यात, म्हणाला. बिडी, तंबाखू, सगळं आजपासून बंद. नाहीतर आज अंगठा, उद्या पाऊल, परवा गुडघा.

घरी आल्या आल्या लंकाबाईनं कट्टे चुलीत घातले. दुकानदार छगनला जाऊन बजावलं, की माझ्या लेकाला बिडी दिलीस तर तुझ्या फळीवर शेण फासीन. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथाचे हात कापायला लागले. बायकोच्या अंगावर ताट भिरकावलं, लेकराला उगाच बडवलं, आणि शेवटी उकिरड्यावरची थोटकं उचकताना आईला सापडला. कोंबडीसारखा शेणात बोटं घालून बसलेला लेक लंकाबाईला बघवला नाही.

तिनं कमरेची डबी काढली आणि मिसरी त्याच्या तळहातावर ओतली.

"घास दात. तलफ मरंल."

लंकाबाईची मिसरी गल्लीत नावाजलेली. तंबाखूचं पान तव्यावर इतकं भाजायची, की धुरानं शेजारपाजार ठसकायचा, पण पूड काजळासारखी मऊ पडायची. पहाटे बोटभर घासल्याशिवाय तिचं पोट साफ होत नसे. तंबाखू खाणाऱ्याला ती थुंक्या म्हणायची. मिसरी मात्र तिच्या लेखी दात घासायची पूड, बायामाणसांची, घरातली.

गहिनीनाथ आधी लाजला. बाप्यानं मिसरी लावायची म्हणजे काय! पण दुपारपर्यंत त्याचे हात ठरले. दिवसातून एकदाची चारदा झाली, मग तो ओठाखाली दाबूनच बसायला लागला. पण बिडी सुटली. लंकाबाईनं पाणवठ्यावर सांगितलं, की डॉक्टरनं नुसता धाक घातला, बिडी मी सोडवली.

महिना झाला तरी अंगठा बरा होईना. शेजारचं बोटही निळं पडलं. लंकाबाईनं ओळखलं, हा लपून ओढतोय. तिनं त्याचं तोंड हुंगलं, मुंडासं झाडलं, आणि चारचौघांत त्याला लबाड म्हणाली. त्यानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सून राहीबाईनंही सांगितलं, की ओढत नाहीत. लंकाबाईनं दोघांनाही एकाच माळेत ओवलं.

नगरला डॉक्टरनं पाय नंतर बघितला, आधी दात बघितले. ते काळेभोर. तलफेवर काय घेता, विचारलं. लंकाबाईनं ताठ मानेनं डबी पुढं केली.

"आजी, ही कशाची?"

"पान भाजून केलेली. जळून राख झाल्यावर त्यात तंबाखू कुठली ऱ्हातीय?"

राहते, डॉक्टर म्हणाला. बिडीचं विष धुरातून छातीत जातं, हिचं हिरडीतून रक्तात. तुम्ही बिडी बंद केली आणि विष चालूच ठेवलं. तो ओरडला असता तर लंकाबाईनं त्याला सोडला नसता. पण तो समजावून सांगत होता. म्हणाला, परदेशात यावरच औषध करून बघतायत, चघळायचं. त्यातही तेच विष, पण मापानं. बिडी पुरती टाकायची, दिवसाला ठरल्या तेवढ्याच वड्या चघळायच्या, त्याही हळूहळू कमी करत बंद करायच्या. चिमटीनं मन मानेल तेवढं नाही.

"मग ती वडी द्या की त्याला," लंकाबाई म्हणाली.

इकडं ती मिळत नाही, डॉक्टर म्हणाला. मिळाली असती तरी मी याला दिली नसती. याच्या नळ्या आधीच मिटल्यात. याला रतीभरही चालायचं नाही.

दोन बोटं कापावी लागली.

बोटं कापली त्या सकाळी लंकाबाई दवाखान्यामागं गेली. सवयीनं बोट डबीत गेलं, डबीतून तोंडात. थुंकायला वाकली आणि समोरच्या भिंतीकडं नजर गेली. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत काळे ओघळ, शिळ्यावर ताजे, वर माशा. तिच्यासारख्याच बाया तिथं थुंकून गेल्या होत्या.  आपल्याच तोंडातलं थुंकायलाही तिला किळस आली.

ती खाटेजवळ आली. भुलीतून नुकत्याच जाग्या झालेल्या लेकाला वास लागला.

"आये, घासून आलीस व्हय?" त्यानं हात पसरला. "चिमूटभर दे."

"न्हाई."

"तुला लागती, आन् मला न्हाई लागत व्हय? तुझ्या तोंडाचा वास घेत मी कसा सोडू?"

 डबी लंकाबाईनं त्याच्या देखत मोरीत रिकामी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

पुढचे पंधरा दिवस घरानं दोघांचं सोसलं. आईचं डोकं ठणकायचं, पोट दगडासारखं व्हायचं, राहीबाईच्या भाकरीपासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत सगळ्यात तिला खोट दिसायची. लेक एका कोपऱ्यात धुमसायचा, आई दुसऱ्या. पण डबी परत भरली नाही, आणि छगनच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही.

पायाची पट्टी मात्र ती रोज स्वतः सोडायची. नाकाला पदर, तोंड वाकडं, तोंडात शिव्या. एका सकाळी कापूस ओढताना जखमेवर रक्ताचा थेंब आला. ती खाली वाकली. कडेचं काळं मागं सरलं होतं, आतलं मांस लाल होतं, ओलं, जितं. वास नव्हता.

"काय हाय गं?" गहिनीनाथानं घाबरून विचारलं.

"रगत हाय," लंकाबाई म्हणाली. नाकावरचा पदर तिनं खाली घेतला, आणि पाय मांडीवर ओढून पुन्हा पुसायला लागली.